सोम, बुध, शुक्र

ब्रॅडफर्डच्या टेकडीवर सकाळी सात वाजता
आम्हा तिघांचं रक्त शेजारी शेजारी धुतलं जातं.
खिडकीकडे यासीन, टॅक्सीवाला, मीरपूरचा;
मध्ये मी;
भिंतीकडे प्रफुल्लभाई, तीस वर्षं केमिस्ट,
कांदा-लसूण वर्ज्य, वाद वर्ज्य नाही.
चार तास हात हलवायचा नाही.
जीभ तेवढी मोकळी.

"शमुवेलभाई, एक सांगा," यासीन सुरू करतो,
"तुमचा खुदा एक, की तीन?"
मी वडिलांचं जुनं उत्तर काढतो,
राहुरीच्या रविवारच्या शाळेतलं:
पाणी, बर्फ, वाफ.
यासीन विचार करतो. मशीन टुकटुकतं.
"म्हणजे थंडीत तो वेगळा असतो?"
शिवॉन नर्स हसत नळ्या तपासते,
"माझ्याकडे बघू नका, मी सोळाव्या वर्षी सोडलं."

बुधवारी मी कबूल करतो, ते उत्तर चुकलंच.
पाळकसाहेबांना फोन लावला होता.
त्यांनी पाऊण तास समजावलं,
माझ्या हाती एवढंच उरलं की
देव कधीच एकटा नव्हता,
जग व्हायच्या आधीही
त्याला माया करायला कुणीतरी होतं.
"पटत नाही," यासीन म्हणतो.
थोड्या वेळानं, "पण वाईट नाही."
त्याची बायको जाऊन दोन वर्षं झालीत.

प्रफुल्लभाईंचा प्रश्न कायम एकच,
गोळ्या मोजाव्यात तसा सुटा सुटा:
"ज्याचं कर्म त्यानं फेडावं.
दुसरा कसा भरेल माझं बिल?
आणि भरलंच, तर मी सुधारलो कुठे?"
मी म्हणतो, तारण. आणि अडतो.
इंग्रजीत त्याला जो शब्द आहे
त्यात माझ्या घरचं काहीच नाही.
आमच्याकडे तारण म्हणजे मुक्ती,
आणि तारण म्हणजे
माझ्या फीसाठी सोसायटीत ठेवलेल्या
आईच्या पाटल्या.
"सोडवल्या?"
नाही.
"मग?"
मग मी शिकलो. इथं आलो. बस चालवली.
"हे उत्तर नाही."
नाहीच.

नळीतून लाल जातं, लाल येतं.
लहानपणी प्रार्थनेत म्हणायचो, तुझ्या रक्तानं मला धू,
आणि मनात यायचं, रक्ताचे तर डाग पडतात.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.
त्या दिवशी दोघांना सांगितलं.

फेब्रुवारीत, रात्री दोनला,
प्रफुल्लभाईंचा फोन वाजला.
शुक्रवारी भिंतीकडच्या खुर्चीत
दुसरीच कुणी बाई, कानात इअरफोन.

एप्रिलमध्ये ते आले. मास्क लावलेला, गाल सुजलेले,
हातात बिनअंड्याचा चॉकलेट केक,
जो आमच्या पथ्यात बसत नाही
हे इतक्यात विसरलेले.
बसले नाहीत.
"मुलगा होता. एकोणीस वर्षांचा.
एवढंच सांगतात, नाव सांगत नाहीत.
झोपेत हात तिथंच जातो माझा.
पर्युषणात मी सगळ्यांची क्षमा मागतो.
त्याची कशी मागू?
तीन वर्षं फोन वाजायची वाट बघत होतो मी.
म्हणजे कशाची वाट बघत होतो, शमुवेलभाई?"

यासीनचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते.
माझ्याकडे उत्तरं होती,
साठ वर्षं रविवारी रविवारी जमवलेली,
त्यातलं एक नेमकं इथंच बसणारं.
जिभेवर आलंसुद्धा.
दिवसाच्या मोजक्या पाण्यातला एक घोट घेऊन
मी ते गिळलं.
मोकळ्या हातानं स्टूल ओढलं.
बसा, म्हणालो.

शिवॉननं सुरी आणली, डोळे वटारून
एकच तुकडा कापला. "यापेक्षा जास्त नाही."
यासीननं तो एका हातानं मोडायला घेतला,
चुरा चादरीवर पडला.
"एक, की तीन?" तो पुटपुटला.
हसावं की नाही, कुणालाच कळेना.
तेवढ्यात भिंतीकडच्या बाईचं मशीन वाजू लागलं,
आणि शिवॉन सुरी हातात घेऊनच तिकडं धावली.